दुसरी प्रत कोणाकडे? – डिजिटल ग्रंथभांडारांच्या सहकार्याचा इतिहास

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले, तेव्हा पाठनिश्चितीच्याही आधी एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. पोथ्या देशभर विखुरलेल्या होत्या. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांत त्या लिहिलेल्या होत्या आणि संस्थानिक, मठ, विद्यापीठे, खाजगी घराणी अशा नाना मालकांच्या ताब्यात होत्या. काही पोथ्या उसन्या मिळाल्या. ज्या मिळण्यासारख्या नव्हत्या किंवा ज्यांची लिपी वाचणारे पंडित पुण्यात सहज मिळत नव्हते, त्यांच्यासाठी पुण्याबाहेर, शांतिनिकेतनात विश्वभारती येथे आणि तंजावरला, पाठतुलनेची केंद्रे उभारण्यात आली. १९२५ पासून वि. सी. सुखटणकरांनी या कामाला जी शिस्त लावली, ती त्यांच्या निधनानंतरही टिकली आणि १९६६ साली हा प्रकल्प पूर्ण झाला. त्यासाठी पाहिलेल्या पोथ्यांची संख्या १,२५९ आहे.

या उपक्रमाच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या व्यवस्थेविषयी मात्र फार कमी. पाठतुलनेसाठी आखलेले तक्ते वापरले जात. वरच्या ओळीत प्रचलित पाठातला श्लोक एकेका चौकटीत एकेक अक्षर असा मांडायचा आणि त्याखाली प्रत्येक पोथीतील वेगळा पाठ नेमक्या त्याच अक्षराखाली नोंदवायचा. प्रत्येक पोथीला तिच्या लिपीवरून एक संक्षिप्त खूण दिलेली असे. त्यामुळे तंजावरच्या पंडिताने भरलेला तक्ता पुण्यातल्या संपादकाला कसलेही स्पष्टीकरण न मागता वाचता येई. बऱ्याच पोथ्या जागच्या हलल्या नाहीत. त्यांतले पाठ मात्र प्रवास करून आले. मालकी मालकाकडे राहिली, नोंदीची पद्धत सर्वांची एक झाली आणि श्रम वाटले गेले. संगणकाच्या काळात अनेक संस्थांच्या ग्रंथभांडारांना एकमेकांशी जोडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचे यशापयश समजून घ्यायला हा जुना दाखला फार उपयोगी पडतो.

डिजिटल भांडारांची सुरुवात एकेकट्या संस्थांनी केली. १९७१ साली इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून संगणकावर ठेवला आणि त्यातून 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' उभे राहिले. १९९१ साली पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामॉस येथे भौतिकशास्त्रातील अप्रकाशित निबंधांचे भांडार सुरू केले. तेच आजचे 'आर्काइव्ह'. पाहता पाहता अशी भांडारे वाढली आणि वाचकापुढे नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक भांडाराचे दार वेगळे, शोधाची रीत वेगळी, नोंदीचा आराखडा वेगळा. पाच ग्रंथालये हिंडणाऱ्या अभ्यासकाला पाच प्रकारच्या सूची शिकाव्या लागाव्यात, तशीच ही अवस्था होती.

यावर दोन टप्प्यांत उत्तर निघाले. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले आणि कोणत्याही साधनाची किमान ओळख सांगणाऱ्या नोंदीचा आराखडा ठरवण्यास सुरुवात झाली. शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा, हक्क अशा पंधरा रकान्यांचा हा आराखडा 'डब्लिन कोअर' या नावाने रूढ झाला. (आयर्लंडच्या राजधानीशी त्याचा काही संबंध नाही.) दुसरा टप्पा ऑक्टोबर १९९९ मधला. न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे गिन्स्पार्ग, रिक लूस आणि हर्बर्ट व्हान द सोम्पेल यांच्या पुढाकाराने बैठक भरली आणि 'ओपन आर्काइव्हज इनिशिएटिव्ह' जन्माला आला. नोंदी गोळा करण्याच्या त्याच्या नियमावलीची पहिली आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आणि दुसरी जून २००२ मध्ये निघाली.

या नियमावलीमागची कल्पना साधी आहे. प्रत्येक भांडाराने आपला ग्रंथ आपल्याकडेच ठेवावा. परंतु ठरावीक सहा प्रकारच्या विनंत्यांना ठरावीक साच्यात उत्तर द्यावे आणि निदान डब्लिन कोअरच्या आराखड्यात प्रत्येक ग्रंथाची नोंद पुरवावी. मग दुसरी एखादी संस्था त्या सर्व नोंदी वेळोवेळी गोळा करून एकच सामायिक सूची उभारू शकते. वाचक त्या सूचीत शोधतो आणि ग्रंथासाठी मूळ भांडाराकडे जातो. सुखटणकरांच्या तक्त्याशी याचे नाते उघड आहे. साउदॅम्प्टन विद्यापीठाची 'ईप्रिंट्स' ही प्रणाली २००० साली आली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून केलेली 'डीस्पेस' २००२ साली आली. दोन्ही मुक्त होत्या व दोन्ही ही नियमावली पाळत. त्यामुळे बेताची साधने असलेल्या संस्थेलाही या जाळ्यात सामील होणे शक्य झाले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपल्या जुन्या, दुर्मिळ ग्रंथांचे भांडार डीस्पेसवरच उभारले.

भारतातील सर्वांत मोठा प्रयत्न मात्र वेगळ्या वाटेने झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी यांनी दहा लक्ष पुस्तके महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून देण्याची कल्पना मांडली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एन. बालकृष्णन यांनी भारतीय बाजू सांभाळली. चीनमधून झेजियांग विद्यापीठ आणि इजिप्तमधून अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय सामील झाले. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने यंत्रसामग्री व प्रवासासाठी अनुदान दिले; पाने उलटण्याचे आणि छायांकनाचे श्रम प्रामुख्याने भारत व चीनने पुरवले. या प्रकल्पाचे भारतीय रूप म्हणजे 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'. ८ सप्टेंबर २००३ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी तिच्या संकेतस्थळाचे उद्घाटन केले. हैदराबाद व अलाहाबाद येथील माहिती तंत्रज्ञान संस्था, सीडॅकची केंद्रे, तिरुपती देवस्थान असे अनेक सहभागी त्यात होते. नोव्हेंबर २००७ मध्ये जागतिक प्रकल्पाने १५ लाख पुस्तकांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. त्यांत निम्म्याहून अधिक पुस्तके चिनी होती. भारतीय भाषांत तेलुगू पुस्तकांची संख्या ठळकपणे मोठी, सुमारे ५० हजार होती. हैदराबाद आणि तिरुपती ही जोमाची केंद्रे होती हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे आश्चर्य वाटत नाही. ज्या भाषेच्या संस्था सहकार्यात उतरतात, त्या भाषेचे ग्रंथ जगापुढे येतात.

तरीही मराठी अभ्यासकांवर या ग्रंथालयाचे ऋण मोठे आहे. ज्यांच्या प्रती एखाद्या जिल्हा वाचनालयाच्या कपाटात धूळ खात पडल्या होत्या आणि ज्यांची पुनर्मुद्रणाची आशा कोणीही धरली नव्हती, अशी कितीतरी पुस्तके त्यामुळे घरबसल्या वाचायला मिळाली. गावातल्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि मुंबई-पुण्याच्या खेपा न परवडणाऱ्या प्राध्यापकाला याचे मोल शब्दांत सांगणे कठीण. म्हणूनच तिच्या उणिवांची चर्चा कृतज्ञता राखून, पण स्पष्टपणे करायला हवी.

पहिली उणीव नोंदीची. मराठी, संस्कृत, हिंदी पुस्तकांची शीर्षके रोमन लिपीत, तीही कोणत्याही ठरलेल्या लिप्यंतर पद्धतीशिवाय नोंदली गेली. 'व' साठी कोठे 'व्ही' तर कोठे 'डब्ल्यू'. दीर्घ स्वर कोणी दुहेरी अक्षराने दाखवला, कोणी दाखवलाच नाही. लेखकाचे आडनाव कोणी आधी लिहिले, कोणी शेवटी. परिणाम असा की पुस्तक भांडारात असूनही सापडत नसे. नेमके पुस्तक शोधायचे तर त्याच्या नावाच्या किती चुका संभवतात याचा अंदाज बांधावा लागे. दुसरी उणीव समन्वयाची. वेगवेगळ्या केंद्रांनी तेच पुस्तक पुन्हा पुन्हा छायांकित केले, कारण सामायिक सूची आधी तयार नव्हती. तिसरी, तपासणीची: गाळलेली पाने, तिरकी पाने, बोटांची छाया. छायांकन केवळ काळ्या-पांढऱ्या रंगात होत असल्याने जुन्या सचित्र पुस्तकांतली चित्रे काळे डाग होऊन बसली. पाने एकेक करून उघडावी लागत; अखेर वाचकांपैकीच काही जाणकारांनी ती एकत्र जोडणारी छोटी साधने तयार केली.

हे दोष कोणा एका व्यक्तीच्या निष्काळजीपणाचे नाहीत. उद्दिष्ट पुस्तकांच्या संख्येत मांडले की काम पानांच्या हिशेबाने होते आणि नोंद करणे हे दुय्यम, कारकुनी काम ठरते. महाभारताच्या प्रकल्पात तक्ता आधी आखला गेला आणि पोथ्या नंतर उघडल्या गेल्या. येथे पुस्तके आधी उघडली गेली.

चौथा प्रश्न प्रताधिकाराचा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार टिकतो; ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती, ती १९९२ साली वाढवण्यात आली. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. म्हणजे ग्रंथ खुला आहे की नाही हे ठरवायचे तर लेखकाचे मृत्युवर्ष ठाऊक असले पाहिजे आणि ते नोंदीत असले पाहिजे. नोंदच जेथे ढिसाळ, तेथे हा निर्णय कोण आणि कशाच्या आधारे करणार? प्रताधिकारातील पुस्तकेही खुल्या पुस्तकांबरोबर संकेतस्थळावर गेली आणि २०१७ च्या सुमारास याच प्रश्नामुळे ते संकेतस्थळ वाचकांसाठी बंद झाले. थोड्या पुस्तकांच्या वादात लाखो निर्वेध पुस्तकांचे दारही मिटले.

ती पुस्तके आज आपल्याला वाचता येतात, याचे कारण दुसरी प्रत. 'पब्लिक रिसोर्स' या संस्थेचे कार्ल मालामूद यांनी या संग्रहाच्या फार मोठ्या भागाची प्रत इंटरनेट आर्काइव्हवर ठेवली होती. सॅन फ्रान्सिस्को येथील हे भांडार ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली स्थापन केले. आज एखादे शंभर वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक महाजालावर सापडले, तर पुष्कळदा ते भारतीय ग्रंथालयातून, भारतीय हातांनी छायांकित होऊन अमेरिकेतल्या भांडारात वसलेले असते. ही गोष्ट दिलासा देणारी आहे आणि अस्वस्थ करणारीही. दुसऱ्या प्रतीची तरतूद मूळ सहकार्याच्या करारातून झाली नाही. ती एका बाहेरच्या माणसाच्या खटपटीने झाली. शिवाय तीही एकटीच असेल तर सुरक्षित नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर सायबर हल्ला झाला आणि ते काही दिवस बंद पडले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर असाच हल्ला झाला आणि तिची ग्रंथसूची पुन्हा महाजालावर यायला जानेवारी २०२४ उजाडले.

स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ च्या सुमारास सुरू झालेल्या 'लॉक्स' या प्रकल्पाने हेच सूत्र धरले होते: प्रती पुष्कळ असाव्यात, त्या वेगवेगळ्या संस्थांच्या ताब्यात असाव्यात आणि संगणकांनी आपापल्या प्रती अधूनमधून एकमेकींशी ताडून बिघडलेली प्रत दुरुस्त करावी. आपल्याकडच्या पोथ्याही अशाच टिकल्या. एका मठातली पोथी जळली, पण तिची नक्कल दुसऱ्या गावी होती, म्हणून ग्रंथ वाचला.

सहकार्याचा करार आधी आणि ग्रंथ नंतर, असा क्रम पाळणाऱ्या संस्थेचे ठळक उदाहरण म्हणजे 'हाथीट्रस्ट'. गूगलने २००४ साली मोठ्या ग्रंथालयांतील पुस्तकांचे छायांकन सुरू केले. त्या ग्रंथालयांना आपापल्या पुस्तकांच्या डिजिटल प्रती मिळाल्या. पण त्या सांभाळायच्या कोणी, हा प्रश्न होता. प्रत्येकाने वेगळा खर्च करण्याऐवजी ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील विद्यापीठांचा संघ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची ग्रंथालये यांनी मिळून एक सामायिक भांडार उभारले. त्याचे नाव आपल्या 'हाथी' या शब्दावरून घेतलेले आहे, कारण हत्ती विसरत नाही. भांडाराचा खर्च सभासद संस्था वर्गणीतून उचलतात, संग्रहाची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली जाते आणि प्रत्येक पुस्तकाची हक्कविषयक स्थिती स्वतंत्रपणे नोंदली जाते. खुले पुस्तक पूर्ण वाचता येते. प्रताधिकारातील पुस्तकात एखादा शब्द कोणत्या पानावर आहे एवढेच कळते.

या शिस्तीची कसोटी लवकरच लागली. २०११ साली लेखकांच्या संघटनेने हाथीट्रस्टवर खटला भरला. २०१४ साली अपील न्यायालयाने निर्णय दिला की शोधासाठी संपूर्ण मजकुराचा वापर करणे आणि मुद्रित वाचू न शकणाऱ्या दिव्यांग वाचकांना तो उपलब्ध करून देणे कायद्याच्या चौकटीत बसते. पुस्तकागणिक हक्काची नोंद असल्यामुळे वादग्रस्त पुस्तके बाजूला ठेवून बाकीचे भांडार चालू ठेवता आले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे ग्रंथालये बंद झाली, तेव्हा सभासद ग्रंथालयाकडे एखाद्या पुस्तकाच्या जितक्या छापील प्रती होत्या, तितक्याच वाचकांना एका वेळी त्याची डिजिटल प्रत देण्याची तात्पुरती सोय हाथीट्रस्टने केली. कोणत्या ग्रंथालयात काय आहे याची नोंद सामायिक नसती तर हे घडले नसते.

आपल्याकडेही आराखडा आधी, संग्रह नंतर, असे घडले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांन्वये संशोधन प्रबंधाची डिजिटल प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'शोधगंगा' हे भांडार डीस्पेसवर उभारले. येथे सहकार्य सदिच्छेवर सोडलेले नाही, त्याला नियमाचा आधार आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील विद्यापीठांचे मराठी प्रबंधही आज तेथे मिळतात. परंतु त्यांतले कितीतरी युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकित केलेले किंवा केवळ छायांकित आहेत. त्यांत शब्द शोधता येत नाही. पेटी मिळाली, किल्ली राहिली. याउलट शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीने मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाऊस यांचा प्राचीन मराठीचा कोश असे ग्रंथ शब्दवार शोधता येतील अशा रूपात दिले आहेत. पाच-सात कोश, पण त्यांचा वापर रोज होतो.

आयआयटी खरगपूरने २०१५ पासून विकसित केलेले आणि १९ जून २०१८ रोजी देशाला अर्पण झालेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हे प्रामुख्याने नोंदी एकत्र करणारे केंद्र आहे; ग्रंथ बहुधा मूळ संस्थेकडेच राहतो. तत्त्व सांता फेचेच. परंतु या रचनेत मूळ संस्थेचा संगणक बंद पडला की सूचीतली नोंद रिकाम्या घराकडे बोट दाखवते. म्हणजे नोंदींचे सहकार्य झाले तरी प्रतींचे सहकार्य उरतेच.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्या हाती एक असे साधन आहे, ज्याचा हेवा इतर भाषांना वाटावा. शंकर गणेश दाते यांनी ग्रंथालये पालथी घालून १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९३८ ते १९५० पर्यंतच्या ग्रंथांचा खंडही सिद्ध केला. डिजिटल प्रकल्पांत ज्या सामायिक सूचीचा अभाव भोवला, ती मराठीत कागदावर तयार आहे. दात्यांच्या सूचीतील प्रत्येक नोंदीला एक कायमचा क्रमांक द्यावा, तिच्यापुढे लेखकाचे मृत्युवर्ष लिहावे आणि रत्नागिरीच्या १८२८ सालच्या, पुण्याच्या १८४८ सालच्या, ठाण्याच्या १८९३ सालच्या व मुंबईच्या १८९८ सालच्या ग्रंथालयांनी आपल्याकडे त्यांतले काय आहे आणि कशाचे छायांकन झाले आहे, एवढेच तिथे भरावे. यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. काय शिल्लक आहे, काय दोनदा झाले आणि काय नाहीसे होण्याच्या मार्गावर आहे, हे आपल्याला प्रथमच कळेल. देवनागरी छापील मजकूर ओळखणारी संगणकीय साधने आता पुष्कळ सुधारली आहेत. जुन्या छायाप्रतींतून शोधण्याजोगा मजकूर काढणे शक्य झाले आहे. पण त्या छायाप्रती उपलब्ध असतील तरच.

यात अडसर आहे तो बहुधा मनाचा. आपला संग्रह दुसऱ्याला दिला की आपले महत्त्व कमी होईल, ही भीती आपल्या संस्थांत खोल रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. दुसऱ्याच्या संग्रहावर नाव कमावणारे आणि मूळ ग्रंथालयाचा उल्लेखही न करणारे लोक असतात. म्हणून करारात श्रेयाचे कलम हवे, जसे चिकित्सक आवृत्तीत प्रत्येक पोथीच्या खुणेबरोबर ती कोठून आली हेही नोंदले गेले. परंतु ग्रंथ कुलपात ठेवल्याने तो राखला जातो, हा समज ५ जानेवारी २००४ रोजी पुरेसा खोटा ठरला आहे. त्या दिवशी एका पुस्तकावरून उसळलेल्या वादातून जमावाने भांडारकर संस्थेवरच हल्ला केला आणि ग्रंथांची, पोथ्यांची नासधूस झाली.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन करण्याची आणि भारतीय ज्ञानपरंपरेचे राष्ट्रीय डिजिटल भांडार उभारण्याची घोषणा झाली. पुन्हा एकदा आकडा मोठा आहे. विद्यापीठे, ग्रंथालये, संग्रहालये आणि खाजगी संग्राहक यांच्या सहभागाने हे व्हायचे आहे. आपल्या संस्थेकडे जेव्हा या कामासाठी कोणी येईल, तेव्हा यंत्रांची चौकशी करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. नोंद कोणत्या आराखड्यात आणि कोणत्या लिपीत होणार? हक्काचा निर्णय कोण करणार आणि तो कोठे लिहिला जाणार? अनुदान संपल्यावर खर्च कोण उचलणार? आणि दुसरी प्रत कोणाकडे राहणार? यांची उत्तरे लेखी मिळाल्यावरच पहिली पोथी उघडावी.